घोडेस्वारी शिकताना भीती कशी घालवावी: वय सहा असो वा साठ

जुहू चौपाटीवर किंवा माथेरानला घोड्यावर बसलेल्या बहुतेक मुंबईकरांच्या हातात लगाम नसतोच, तो घोडेवाला धरून चालतो. त्या फेरीत मजा येते, पण स्वारी येत नाही आणि धिटाईही वाढत नाही. घोडा थांबवता येतो, वळवता येतो आणि हवं तेव्हा सुखरूप उतरता येतं, एवढं स्वतःच्या हातापायांना पक्कं ठाऊक झालं की माणूस घोड्यावर निर्धास्त बसतो. वेग आणि उड्या नंतरच्या. महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४२ पासून चालणारा ॲमॅच्युअर रायडर्स क्लब असो किंवा शहराबाहेरची लहानशी पागा, शिकण्याचा हा क्रम बदलत नाही.

भीती आधी अंगात शिरते

घाबरलेला स्वार पुढे वाकतो, गुडघे आवळतो, टाचा घोड्याच्या कुशीत रुतवतो, श्वास रोखतो आणि लगाम ओढून धरतो. टाच लागली की घोड्याला कळतं ‘चल’, तोंडावर ताण आला की कळतं ‘थांब’. दोन्ही हुकूम एकदम मिळाले की तो गोंधळतो, मान झटकतो किंवा पुढे उसळतो. आपल्याकडे शिकवणीच्या घोड्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे घोडे) पुष्कळ असतात. त्यांना लगामावर भार घेऊन धावायची सवय असते, त्यामुळे सतत ताणलेल्या लगामावर ते उलट जोर लावतात. मग स्वार आणखी आवळून धरतो.

‘घाबरू नका’ म्हणून हे चक्र तुटत नाही. अंगाला दुसरं काम द्यावं लागतं. पावलं मोठ्याने मोजा, बोलताना श्वास रोखता येत नाही. नजर घोड्याच्या दोन कानांमधून पुढे ठेवा. खाली पाहिलं की डोकं पुढे जातं आणि त्यामागे सगळा तोल जातो. घोड्याच्या मानेभोवती एक साधा चामडी पट्टा बांधायला सांगा. धक्का बसला की हात लगामाऐवजी त्या पट्ट्यावर गेला पाहिजे. यात कमीपणा मुळीच नाही, घोड्याचं तोंड वाचतं.

चढण्याआधीचं काम

पहिले एक-दोन धडे जमिनीवरच होऊ द्यात. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याकडून तिरकं, बोलत जा आणि पहिला हात नाकावर न ठेवता खांद्यावर ठेवा. मग खरारा करा. रबरी खरारा मांसल भागावर गोल फिरवायचा, पायांच्या हाडांवर नाही. नंतर केसांच्या दिशेने ब्रश. सायस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, शेजारी असताना खूर उचलून आतली माती खुराच्या हुकाने टाचेकडून टोकाकडे काढा. मधल्या मऊ त्रिकोणी भागात मात्र हूक खुपसू नका. घोडा हातात धरून चालवताना लगाम किंवा दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका, तो बिथरला तर हात सोडवता येत नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर आपल्या सांगण्यावरून पाय उचलतं, हे दोन-तीनदा घडलं की बुजऱ्या मुलाचा आवाजसुद्धा बदलतो.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, सायकलचं चालत नाही. बूट गुळगुळीत तळाचे आणि एक-दोन सेंटिमीटर टाचेचे हवेत. सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार घुसतात आणि पडल्यावर पाय अडकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा, तबेल्याच्या मातीत ते जंतू असतात.

चढणं, थांबणं, उतरणं

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तपासल्याशिवाय चढू नका. पट्टा आणि पोट यांमध्ये दोन बोटं जेमतेम शिरावीत. बरेच घोडे तंग आवळताना छाती फुगवतात, म्हणून दोन मिनिटं चालवून पुन्हा पाहा. सैल तंगामुळे खोगीर एका बाजूला फिरतं आणि नवशिका चढतानाच पडतो. रिकिबीच्या पट्ट्याची लांबी खालूनच मोजता येते: बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या बकलाला लावली की रिकीब काखेपर्यंत यावी.

चढायला चौथरा वापरा, त्याने घोड्याच्या पाठीवरचा ताण कमी होतो. डाव्या हातात लगाम आणि थोडी आयाळ, डावा पाय रिकिबीत, उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्यावरून न लागता पलीकडे, आणि बसायचं ते अलगद. धपकन बसलात तर घोडा लगेच पाठ आक्रसतो.

थांबवायची पद्धत अशी: ताठ बसा, श्वास सोडा, कंबर स्थिर करा आणि लगामावरची बोटं मिटा. तो थांबताक्षणी बोटं सैल करा. घोडा शिकतो तो या सैल सोडण्यातून. थांबल्यावरही ओढत राहिलात तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही. एका धड्यात असं दहा-बारा वेळा करा. कंटाळवाणं वाटलं तरी धीर इथेच मिळतो. घोडा ऐकेनासा झाला तर दोन्ही लगाम खेचू नका. एका बाजूचा लगाम हळूहळू गुडघ्याकडे आणत त्याला लहान होत जाणाऱ्या वर्तुळात फिरवा. वेगात झटका देऊन वळवलं तर मात्र त्याचाच तोल जाईल.

उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून बाहेर काढायचे. मग पुढे झुकून उजवा पाय मागून आणायचा, घसरत खाली यायचं आणि गुडघे वाकवून उतरायचं. हे आधी उभ्या घोड्यावर आणि मग चालत्या घोड्यावर इतकं घोटवा की विचार करावा लागू नये.

दोरीवरचे धडे

शिक्षक मधोमध उभा, सात-आठ मीटरच्या दोरीवर घोडा गोल फिरतोय. घोड्याची काळजी त्याच्याकडे, मांड तुमच्याकडे. हात कमरेवर, मग पसरलेले, मग एका हाताने पायाचा अंगठा शिवणं. हे साध्या चालीत जमल्यावरच दुडकी, म्हणजे संथ उसळती धाव, घ्या. दुडकीत दोन ठोके असतात, एकावर उठायचं, दुसऱ्यावर बसायचं. रिकिबीवर जोर देऊन उभं राहिलात तर लय चुकते आणि पाय पुढे जातात. घोड्याचा धक्काच तुम्हाला उचलतो, त्याला आडवं येऊ नका. लय हरवली की बसून राहा, मानेचा पट्टा धरा, चार पावलं मोजा आणि पुन्हा सुरू करा.

वयाप्रमाणे

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धा तास पुरतो. त्यांच्यात अति धाडस हाच धोका जास्त. आईबाबांनी कुंपणाबाहेरून सूचना देऊ नयेत. दोन आवाज ऐकू आले की मूल शिक्षकाकडे पाहणं सोडतं.

तिशी-चाळिशीतल्यांना पडण्याचे परिणाम ठाऊक असतात, त्यामुळे ते जास्त घट्ट बसतात. दिवसभर खुर्चीत आणि लोकलमध्ये आखडलेली कंबर त्यात भर घालते. आधी दहा मिनिटं मांड्या आणि कंबर मोकळी करा. आज कुठपर्यंत जायचं ते शिक्षकाला चढण्याआधीच सांगा. ‘आज फक्त चाल’ म्हणायला लाजू नका.

साठीनंतर हाडांची घनता, रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी औषधं याबद्दल डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करा. घोडा कमी उंचीचा, शांत हवा. जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याच्या प्रकारात) उतरले होते. पोलिओने पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत याच प्रकारात रौप्यपदक मिळवलं. घोडेस्वारीत ताकदीपेक्षा तोल मोठा, हे या दोघांकडे पाहून पटतं. वजनाचं मात्र बघावंच लागतं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपलीकडे जाऊ नये, पंधरा असेल तर उत्तम.

पडलात तर

लगेच उठू नका. मान, हात, पाय एकेक करून हलवून पाहा. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा आणि ते हेल्मेट बाद करायचं. नुसतं खरचटलं असेल आणि मन तयार असेल, तर उभ्या घोड्यावर दोन मिनिटं बसून उतरा. पुढच्या धड्यात एक पायरी खाली या: दुडकीत पडलात तर चालीपासून, चालीत पडलात तर दोरीपासून.

सुरुवातीला आठवड्यातून दोन धडे हवेत, एकाने अंग पुढच्या वेळेपर्यंत सगळं विसरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईत सुरुवात करायला सर्वांत चांगला काळ. मार्चनंतर सकाळची पहिलीच बॅच घ्या, दमट उन्हात घोडा आणि स्वार दोघेही लवकर थकतात आणि थकलेल्या स्वाराची मांड सुटते. पावसाळ्यात मैदान निसरडं असेल तर धडा रद्द होऊ द्या, खरारा करायला जा. नाव नोंदवण्याआधी एक बॅच उभं राहून पाहा. पहिल्याच दिवशी नवशिक्यांना रांगेत दुडकी धावायला लावत असतील, किंवा घोड्यांच्या पाठीवर खोगिराचे वळ दिसत असतील, तर दुसरी पागा शोधा.