कोगनोळी नाक्यापलीकडं चलन पडलं तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लहानसं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, चार पोरं. बेळगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, टर्निंग-ड्रिलिंग करायचं आणि परत नेऊन पोचवायचं, हे गेली अकरा वर्षं चाललंय. म्हणजे महिन्यातून चार-पाच वेळा माझी पिकअप कागल सोडते, दूधगंगेचा पूल ओलांडते आणि कोगनोळीच्या टोलनाक्यावरून कर्नाटकात शिरते. वर्षातून एकदा घरच्यांना घेऊन आंबोलीमार्गे गोवा. या काळात घरच्या गाड्यांवर वाहतुकीच्या दंडाची नऊ चलनं पडली. पाच मुकाट्यानं भरली, कारण चूक माझीच होती. चारांशी भांडलो. तीन सुटली, एक अंगावर आलं.

मी वकील नाही. पण उद्यमनगरात कुणाला तिकडं दंड झाला की आता माझ्याकडंच येतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

रस्त्यावर भांडायचं नाही

हात दाखवला की थांबायचं, गाडी कडेला घ्यायची. आपला कोल्हापूरचा एमएच-०९ नंबर बघितला की तिकडचा पोलीस खूश होतो, हे आपण चहाच्या टपरीवर म्हणतो ते म्हणतो, पण कागद नीट असतील तर पुढं विशेष काही होत नाही. लायसन्स कोल्हापूरचं असलं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३ प्रमाणं ते देशभर चालतं. नोंदणीचंही तसंच. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच तिथला नंबर घ्यावा लागतो. दोन दिवस बेळगावला गेलेल्या माणसाकडं ‘इथली एनओसी कुठाय’ असं कुणी विचारलं तर शांतपणे एवढंच सांगायचं.

कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमध्ये दाखवले तरी चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये २०१८ सालीच तशी सोय झाली. मात्र गॅलरीतला फोटो वेगळा आणि डिजिलॉकर वेगळं. माझा कामगार व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा, फोटो दाखवत बसला होता, आणि त्याला झापलं ते बरोबरच होतं. तवंदी घाटात रेंज जाते, म्हणून मी झेरॉक्सचा एक संच डॅशबोर्डच्या खणात ठेवतोच.

गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर लायसन्स द्यावंच लागतं. त्यानं ते जप्त केलं तर पोच मागून घ्या. कलम २०६ प्रमाणं ती पोच म्हणजे लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवायची परवानगीच असते. पोच न घेता लोक घरी येतात आणि मग ‘माझं लायसन्स हुबळीत अडकलंय’ म्हणून फोन करत बसतात.

पैसे द्यायचे तर पावतीवरच द्यायचे. जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटवायची मुभा कलम २०० देतं, पण ठरावीक गुन्ह्यांनाच. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. ते कोर्टातच जातं. गोव्याहून येताना कुणी ‘इथंच मिटवू’ म्हणाला तर तो काय मागतोय ते ओळखा, आणि वकील शोधा. त्या कलमात पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिथं माझ्यासारख्याचा सल्ला काही कामाचा नाही.

जागेवर मी एवढंच करतो: किलोमीटरचा दगड, सिग्नल, वेगाची पाटी आहे की नाही, याचे मोबाईलवर फोटो काढतो आणि वेळ लिहून ठेवतो. महिन्यानं आठवायला बसलं तर काही आठवत नाही.

चलन वाचायचं ते कलमाच्या आकड्यापासून

मजकूर कन्नडमध्ये असतो. घाबरू नका, कलमाचा आकडा वाचता येतो. १९४बी म्हणजे सीटबेल्ट, १९४डी हेल्मेट, १८३ वेग, १९२ए परमिट, १९६ विमा, १७७ म्हणजे बाकीचं किरकोळ सगळं. आकडा कळला की अर्धं काम झालं. आणि ‘आपल्याकडं एवढा दंड नाही’ हा मुद्दा सोडून द्या. कायद्यात आकडे आहेत, पण जागेवर मिटवायची रक्कम प्रत्येक राज्य आपापली ठरवतं. निपाणीत निपाणीचा दर.

मोबाईलवर चलनाचा मेसेज आला तर त्यातली लिंक दाबू नका. आरटीओच्या नावानं एपीके, म्हणजे ॲपची फाईल पाठवून खाती रिकामी करणारे फिरतायत. ई-चलन परिवहनचं पोर्टल स्वतः उघडा, शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना बघा, आणि गाडीचा नंबर टाकून खात्री करा.

कशाशी भांडायचं

मी हरलो ती गोष्ट आधी सांगतो. वेगाचं चलन होतं, कॅमेऱ्यातलं. १,००० रुपये. मला वाटलं, पाटी नव्हतीच. दोनदा गेलो. डिझेल, टोल, जेवण आणि दुकान बंद ठेवलेले दोन दिवस धरून तीनेक हजार गेले. तिसऱ्यांदा त्याच रस्त्यानं जाताना पाटी दिसली, कडुलिंबाच्या फांदीमागं, पण होती. मुकाट्यानं दंड भरला. बायको अजून ऐकवते.

तेव्हापासून हिशेब सोपा ठेवलाय. पाचशे-हजाराचं चलन असेल आणि चूक आपली असेल तर भरून मोकळं व्हायचं. रक्कम मोठी असेल, चलन चुकीच्या गाडीवर असेल किंवा लायसन्स धोक्यात असेल तर सोडायचं नाही.

लायसन्सचं लोकांच्या लक्षात येत नाही. १९४डी म्हणजे हेल्मेटचा दंड हजार रुपयेच, पण त्याच कलमात तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र करायची तरतूद आहे. आणि जागेवर दंड भरला तरी कलम २०६(४) ची, म्हणजे लायसन्स जप्त करून अपात्रतेसाठी पाठवायची, कारवाई टळत नाही, असं २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०० मध्ये घातलंय. वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्यालाही हेच २०६(४) लागतं. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्यानं हजार रुपये बघायचे नाहीत, पुढचे तीन महिने बघायचे.

फॅन्सी नंबरप्लेटवाल्यांनी मात्र भांडायचंच नाही. ८०५५ चा ‘बॉस’ आणि ४१४१ चा ‘दादा’ राजारामपुरीत खपतो. पुलाच्या पलीकडं तो फक्त चुकीची प्लेट असतो. काचेवरच्या काळ्या फिल्मचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच ती बंद केलीय.

मी जिंकलेली तीन

पहिलं परमिटचं. सीमेपलीकडच्या एका गावाजवळ पिकअप अडवली.

‘परमिट?’

‘साहेब, ह्या गाडीला लागत नाही.’

‘कोर्टात सांगा.’

१९२ए, म्हणजे १०,००० रुपये. आता कलम ६६(३) म्हणतं, एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. माझ्या आरसीवर गाडीचं एकूण वजन २,९९० लिहिलंय. आरसी दाखवली, पण त्यांना वाचायची नव्हती. मी आवाज चढवला नाही, चलन घेतलं आणि निघालो. पुढं काय केलं ते खाली आहे. पण हे वाचून कुणी दोन टनाचं कास्टिंग भरू नका. जादा वजनाला कलम १९४ आहे, २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात. मी वजनकाट्यावर वजन करूनच निघतो आणि काट्याची पावती बिलाला टाचतो.

दुसरं सीटबेल्टचं. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत मी काळ्या शर्टात होतो आणि पट्टाही काळा. फोटो मोठा करून बघितला तर खांद्यावरची तिरकी रेघ दिसत होती. पोर्टलवर तक्रारीचा पर्याय आहे. तिथं मोठा केलेला फोटो, बाण काढून, चार ओळींसह टाकला. तीन आठवड्यांनी चलन रद्द.

तिसरं बायकोच्या स्कूटीचं. आमची स्कूटी ताराबाई पार्कच्या पुढं कधी गेलेली नाही, आणि चलन आलं चारशे किलोमीटरवरच्या शहरातून. फोटोतली स्कूटी लाल, आमची राखाडी. कुणीतरी आमचा नंबर लावून फिरत होता. इथं नुसतं चलन रद्द करून घेऊन भागत नाही, कारण उद्या तीच लाल स्कूटी कुणाला ठोकून गेली तर नोटीस आपल्या दारात. म्हणून आधी आपल्या पोलीस ठाण्यात नंबरचा गैरवापर झाल्याचा लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली आणि मग ती पोच, आरसी आणि आमच्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो तक्रारीसोबत पाठवले. चारचाकी असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट जोडा. त्या दिवशी गाडी किणीच्या नाक्यावर होती हे त्यात मिनिटासकट निघतं.

कोल्हापुरात बसून लढायचं कसं

खरी अडचण अंतराची असते. गुन्हा जिथं घडला तिथलंच कोर्ट, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९७ मध्येही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं तेव्हा माझ्या एका मित्रानं विचारलं, ‘आता बेळगावची चलनं इथंच चालणार का?’ नाही. बेळगाव धारवाड खंडपीठाखाली येतं. तसंच आपल्या लोकअदालतीत तिकडचं चलन मिटत नाही. रांगेत उभं राहून परत आलेले मी बघितलेत.

कॅमेऱ्याच्या चलनात आधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७ए तपासा. नोटीस घटनेपासून १५ दिवसांत निघायला हवी. त्यात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं. यंत्राला दरवर्षी नव्यानं मिळणारं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि कॅमेरा असल्याची पाटी आधी लावलेली हवी. यातलं जे नसेल ते तक्रारीत लिहा. ‘मी गरीब आहे, सोडा’ असं लिहू नका. ते वाचणाऱ्याच्या हातात काही देत नाही.

तक्रारीनं काम झालं नाही आणि चलन कोर्टात गेलं, तर बहुतेक वेळा ते व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन कोर्टात दिसतं. राज्य निवडायचं, चलनाचा किंवा गाडीचा नंबर टाकायचा. समोर दोन वाटा येतात: प्रस्तावित दंड भरायचा किंवा खटला लढवायचा. पहिलं बटण म्हणजे गुन्ह्याची कबुली, हे दाबण्याआधी कळलेलं बरं. दुसरं दाबलं की प्रकरण तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडं जातं.

तिथं मी जात नाही. परमिटच्या प्रकरणात निपाणीकडच्या एका वकिलांना वकीलपत्र दिलं. सीमाभागात मराठी-कन्नड दोन्ही सफाईनं बोलणारे वकील मिळतात आणि तिथल्या कोर्टाची रीत त्यांना ठाऊक असते. कोल्हापूरचा ओळखीचा वकील नेला तर त्याच्या गाडीभाड्यातच दंड निघेल. त्यांना पहिल्याच दिवशी संहितेच्या कलम २२८ खाली अर्ज द्यायला सांगा: आरोपी परगावी आहे, हजेरीची सूट द्यावी. देणं न देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर, पण असल्या प्रकरणात माझ्या वकिलांना अडचण आली नाही. आरसीची प्रत आणि ६६(३) दाखवलं, दुसऱ्या तारखेला सुटलो. फी २,५०० झाली. दहा हजारांपुढं परवडली.

वकिलांना तारखाही मोजायला सांगा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे त्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टानं घ्यायची नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. दोन वर्षांपूर्वीच्या सीटबेल्टचं समन्स अचानक आलं तर हा पहिला मुद्दा. पण याचा अर्थ गप्प बसलं की चलन विरघळतं असा नाही. पोर्टलवर ते तसंच दिसत राहतं आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईकच ते दाखवतं. सवलतीची वाट बघणारेही आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकानं थकीत दंडावर ५० टक्के सूट दिली होती. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्यानं जानेवारीतच सगळे भरले होते, त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाही.

सुटलात तरी फाईल बंद करू नका. कोर्टाच्या हुकमाची प्रमाणित प्रत काढून घ्या. माझं परमिटचं चलन सुटल्यावरही पोर्टलवर ‘प्रलंबित’च दिसत होतं. हुकूम स्कॅन करून तक्रारीत टाकला, आठवडाभर थांबलो, परत टाकला. तिसऱ्यांदा टाकल्यावर ते निघालं. ती प्रत अजून खणात आहे, झेरॉक्सच्या संचावर, आणि दर पावसाळ्यात मी तिची प्लॅस्टिकची पिशवी बदलतो.