हॅम स्टेशनातील खरखर आणि अर्थिंगची उलटतपासणी

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात वरच्या मजल्यावर सेट मांडलेल्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओचालकाने, ७ मेगाहर्ट्झवर सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर खरखरीमुळे एस-७ च्या खाली उतरत नाही अशी तक्रार केली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: अर्थिंग पक्के करा. मग अंगणात नवा खड्डा खणला जातो, त्यात मीठ आणि कोळसा पडतो, जाड तार खिडकीतून वर येते आणि खरखर होती तिथेच राहते. याचे कारण असे, की स्टेशनात अर्थिंग तीन निराळ्या कामांसाठी लागते: शॉकपासून रक्षण, आकाशातील विजेपासून रक्षण आणि काही प्रकारच्या अँटेनांना लागणारा उच्च वारंवारतेचा परतीचा मार्ग. ऐकू येणारी खरखर बहुतेक वेळा या तिन्हींपैकी कशातच मोडत नाही. म्हणून खणण्याआधी शोध घ्यावा.

शोध स्वतःच्या घरापासून सुरू करावा. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा, मीटरवरील आकडा लिहून ठेवावा आणि घराचा मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टरही हाताने बंद करावा, कारण वीज जाताच तो आपोआप चालू होतो आणि स्वस्तातला इन्व्हर्टर स्वतःच मोठा गोंगाट करतो. या स्थितीत खरखर थांबली, तर उगम घरातच आहे. एकेक एमसीबी परत चालू करत गेल्यास तो सापडतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि वाय-फाय राउटरचा अडॅप्टर हे नेहमीचे संशयित होत. अँटेना काढल्यावरही खरखर टिकली, तर ती वीजपुरवठ्याच्या किंवा संगणकाच्या तारांतून शिरते आहे. खरखर केवळ दिवसा उजेडी येत असेल, तर छतावरील सौर संचाकडे पाहावे; मेन पडताच त्याचा इन्व्हर्टरही थांबतो, त्यामुळे मेन बंद करण्याच्या चाचणीत तो घरातल्या इतर उपकरणांत मिसळून जातो.

आवाजाची जातही बरेच सांगते. स्विचिंग पॉवर सप्लायचा गोंगाट वॉटरफॉलवर (वारंवारतांच्या सरकत्या आलेखावर) ठरावीक अंतराने उठणाऱ्या, पसरट आणि हळूहळू सरकणाऱ्या पट्ट्यांसारखा दिसतो. विजेच्या खांबावर ठिणगी पडत असेल, तर सेकंदाला १०० वेळा उठणारी, सर्व बँडांवर पसरलेली कर्कश गुणगुण येते, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा व्होल्टेज शिखरावर जाते. ही गुणगुण कोरड्या, धुळीच्या दिवसांत वाढून पहिल्या पावसानंतर गायब झाली, तर सैल नटबोल्ट किंवा ढिली जोडणी यांचा संशय घ्यावा. उलट पावसातच वाढली, तर इन्सुलेटरवरील गळतीचा. खांब शोधण्यासाठी एएम ग्रहण करणारा हातातला रिसीव्हर घेऊन फिरावे आणि जसे जवळ जाल तशी वारंवारता वाढवत न्यावी, कारण कमी वारंवारतेचा गोंगाट तारांवरून दूरवर वाहतो, तर १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा केवळ उगमाजवळच जोरात लागतो. एफएमचा रिसीव्हर येथे उपयोगाचा नाही, तो नेमका असाच गोंगाट दाबतो. खांब सापडला, की त्यावरील क्रमांक टिपून वीज कंपनीला लेखी कळवावे. खांबाला धक्का देणे किंवा काठीने ठोकून पाहणे कोणीही करू नये. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत गल्लोगल्ली लागणाऱ्या दिव्यांच्या माळांवर मात्र शोधमोहीम काढण्यात अर्थ नाही, त्या उतरेपर्यंत वाट पाहणे सोपे.

दुसरी बाजू प्रक्षेपणाची. आपण बोलू लागलो, की शेजारच्या स्पीकरमधून आपलाच आवाज येतो, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडते, संगणकावरून संदेश पाठवण्याची एफटी-८ पद्धत चालू असताना संगणकाचा यूएसबी तुटतो किंवा मायक्रोफोन ओठांना चटका देतो. येथे पहिली चाचणी डमी लोडची, म्हणजे ऊर्जा हवेत न सोडता उष्णतेत जिरवणाऱ्या रोधाची. अँटेनाऐवजी डमी लोड जोडून तेवढ्याच शक्तीने प्रक्षेपण करावे. त्रास तरीही राहिला, तर ऊर्जा सेटच्या किंवा पुरवठ्याच्या तारांतून बाहेर पडते आहे. त्रास थांबला, तर ती अँटेना आणि तिला सेटशी जोडणाऱ्या केबलच्या, म्हणजे कोअ‍ॅक्सच्या वाटेने परत येते आहे, आणि अनुभवाने सांगायचे तर दुसरीच शक्यता अधिक.

ती परत कशी येते, हे समजले की अर्धे काम झाले. डायपोल, म्हणजे मध्यातून दोन बाजूंना सारख्या तारा जाणारी अँटेना, समतोल असतो, कोअ‍ॅक्स तसा नसतो. मध्ये चोक, म्हणजे असा प्रवाह अडवणारे वेटोळे, नसेल तर प्रवाहाचा काही भाग कोअ‍ॅक्सच्या जाळीच्या बाहेरील पृष्ठावरून घरात उतरतो आणि संपूर्ण केबल अँटेनाचाच एक भाग बनते. ग्रहणात हाच मार्ग उलटा चालतो, घरातला गोंगाट याच पृष्ठावरून वर अँटेनाकडे जातो. म्हणजे चोक हा एकच उपाय दोन्ही दुखण्यांवर चालतो.

आता अंगणातून वर आणलेल्या त्या जाड तारेकडे वळू. सरळ तारेचे प्रेरण (इंडक्टन्स) मीटरमागे साधारण एक ते दोन मायक्रोहेन्री असते. ५० हर्ट्झला ते नगण्य, पण १४ मेगाहर्ट्झला प्रत्येक मीटरमागे शंभर ओहमांच्या आसपास किंवा त्याहून अधिक अडथळा उभा राहतो; तार जाड केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या मजल्यावरून खड्ड्यापर्यंतची तार सुमारे ५ मीटर भरते आणि १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५.३ मीटर असते. खालच्या टोकाला जमिनीत गेलेली पाव तरंगलांबीची तार वरच्या टोकाला जवळजवळ तुटल्यासारखी वागते. ७ मेगाहर्ट्झला तीच गत सुमारे १०.५ मीटरला, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांची. तेव्हा वरच्या मजल्यावर रेडिओ वारंवारतेची जमीन तारेने आणता येत नाही, हे मान्य करून टाकावे आणि जिला जमीन लागत नाही अशी अँटेना, म्हणजे डायपोल, लावावी. एका टोकाने पोसलेली तारच लावायची असेल, तर प्रत्येक बँडसाठी पाव तरंगलांबीचा काउंटरपॉइज, म्हणजे जमिनीची जागा घेणारी तार, जोडावा आणि त्याचे मोकळे टोक इन्सुलेटरने झाकावे, कारण तिथे प्रक्षेपणाच्या वेळी व्होल्टेज मोठे असते.

चोक बनवण्यासाठी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचा, २.४ इंच व्यासाचा फेराइट टोरॉइड (चुंबकीय कडे) घ्यावा आणि त्यावर आरजी-५८ केबलचे दहा ते बारा वेढे द्यावेत. ७ ते १४ मेगाहर्ट्झसाठी तो चांगला ठरतो. एक चोक डायपोलच्या मध्याशी, दुसरा कोअ‍ॅक्स घरात शिरते तिथे. बाजारात मिळणारी चिमट्याची फेराइट तारेवर एकदाच अडकवून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. पण खालच्या बँडांवर एका फेऱ्याने फारच थोडे साधते. रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तीच तार पाच वेळा गुंडाळली तर परिणाम जवळजवळ पंचवीसपट होतो. यूएसबी, स्पीकर आणि पुरवठ्याच्या तारांनाही हाच न्याय. शेजारी त्रास असेल, तर चोक त्यांच्या स्पीकरच्या तारेवर, स्पीकरच्या अगदी जवळ लावावा लागतो, आणि त्यासाठी आधी दार वाजवावे लागते. "काकू, माझा सेट चालू असताना तुमच्याकडे आवाज येतो का, मला वेळ लिहून द्याल का?" असे स्वतःहून विचारलेले बरे, त्या नोंदी आपल्या लॉगशी, म्हणजे प्रक्षेपणाच्या नोंदवहीशी, ताडल्या, की दोष आपला की नाही तेही कळते.

आता खरे अर्थिंग, म्हणजे सुरक्षेचे. प्लगमधील अर्थ आणि फेज यांच्यात मोजलेले व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास, म्हणजे २३० च्या आसपास हवे. भार चालू असताना न्यूट्रल-अर्थ काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर वायरमनला बोलवावे. धातूच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील आणि मीटर ११० च्या आसपास दाखवत असेल, तर प्लगचा अर्थ बहुधा तुटलेला आहे आणि पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटर पेटीला अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत ठेवत आहेत. अर्थ आणि न्यूट्रल स्वतःच्या हाताने जोडण्याचा शॉर्टकट जिवावर बेततो.

माळव्याची काळी माती ओली असताना वीज छान वाहते, पण उन्हाळ्यात ती भेगाळून रॉडपासून सुटते, आणि थोडे खोल गेले की मुरूम किंवा काळा कातळ लागतो. रॉड खाली जात नसेल, तर उथळ चरात आडवी पट्टी टाकावी आणि भोवती बेंटोनाइट (ओलावा धरणारी माती) भरावे. आयएस ३०४३ या भारतीय मानकात खड्ड्याची मोजमापे आणि पद्धती दिल्या आहेत. अँटेनासाठी वेगळा रॉड रोवला, तर तो घराच्या अर्थिंगला बाहेरूनच जाड पट्टीने जोडावा. दोन न जोडलेल्या रॉडांमध्ये वीज पडताना हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो आपल्या सेटमधूनच मिटतो. सर्व कोअ‍ॅक्स एकाच जागी, भिंतीवरच्या धातूच्या पट्टीवरून, अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे उपकरण) लावून आत घ्याव्यात आणि पट्टीपासून रॉडकडे जाणारी तार सरळ, तीव्र वळणाशिवाय न्यावी. जवळ पडलेल्या विजेपुढे अरेस्टरचा भरवसा नसतो, म्हणून मे-जूनमध्ये ढग गडगडण्याआधीच केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवावी, टेबलावर मोकळी टाकू नये, आणि सेटचा मेनचा प्लगही काढावा.