परिमेय संख्या शिकताना भागाकारापेक्षा बाकीकडे बघा

व्याख्या पाठ व्हायला मिनिटभर पुरतं: अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक, फक्त छेद शून्य नको. गणिताच्या शिकवण्या घेताना व्याख्येवर अडलेलं कुणी मला क्वचितच भेटतं. घोडं पेंड खातं ते दशांश रूपापाशी. ०.३३३... ला शेवटच नाही, मग ही परिमेय कशी?

अशा वेळी मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला लावते आणि कागदावर १ ला ७ ने भागायला सांगते. भागाकाराचे अंक लिहीत जायचे, पण नजर बाकीवर ठेवायची. आधी ३ उरतात, मग २, ६, ४, ५ आणि मग १. सुरुवात १ नेच तर केली होती! आता पुढे तेच चक्र फिरणार: ०.१४२८५७१४२८५७... ७ ने भागताना शून्य सोडलं तर बाकी १ ते ६ मधलीच असणार. सातवी वेगळी बाकी आणणार कुठून? बाकी शून्य आली तर भागाकार संपला, नाही आली तर आधीची एखादी बाकी कधी ना कधी परत येणारच. दशांश रूप एकतर खंडित (कुठेतरी संपणारं) किंवा अखंड आवर्ती (तेच अंक पुन्हा पुन्हा येणारं), हा नियम इथूनच निघतो. तो वेगळा घोकायची गरज नाही.

कॅल्क्युलेटरवर माझा राग नाही, पण त्यावर १/१७ करून बघा. ०.०५८८२३५२९४ असं काहीसं दिसेल आणि आवर्तनाचा मागमूसही नसेल. ते १६ अंकांचं आहे, पडद्यावर मावतच नाही.

भागाकार संपेल की नाही, हे न भागताही कळतं. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. २ आणि ५ सोडून दुसरा अवयव नसेल तर संपतो. संक्षिप्त रूप आधीच द्यायचं बरं का! ६/१५ च्या छेदात ३ दिसतो, पण ती संख्या २/५, म्हणजे ०.४ आहे.

ऋण संख्यांची तुलना करताना मात्र घाई नको. -३/४ आणि -२/३ समच्छेद केल्या की -९/१२ आणि -८/१२ होतात, म्हणून -२/३ मोठी.

राहता राहिली पायच्या (π) जागी वापरतात ती २२/७. ती परिमेय आहे, पाय अपरिमेय, म्हणजे अशा अपूर्णांकात मांडताच न येणारी. पायची किंमत ३.१४१... आणि २२/७ ची ३.१४२..., म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळीच दोघींची फारकत होते. आकडेमोडीच्या सोयीपुरती ती वापरायची, इतकंच. आणि वर्गमूळाचं चिन्ह दिसलं की लगेच अपरिमेय लिहून मोकळं होऊ नका. √९ म्हणजे सरळ ३.