लिनक्सवर डिस्कचं रीड-अहेड वाढवताना

रीड-अहेड म्हणजे फाइल वाचताना तिचा पुढचा भाग मागण्याआधीच डिस्कवरून रॅममध्ये आणून ठेवणं. साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा हिशेबाचा सर्व्हर, दोघांनाही 'सेटरा १६३८४ करून टाका', म्हणजे रीड-अहेडचा आकडा १६३८४ करा, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हळदीची पोती ओळीनं उचलायची असतील तर हमालानं पुढची चार आधीच दाराशी आणलेली बरी. एकेक पोतं वेगळ्या कोपऱ्यातून हवं असेल, तर तीच चार वाटेत आडवी येतात.

सध्याचा आकडा 'ब्लॉकडेव्ह' या कमांडला 'गेटरा' पर्याय देऊन बघा; 'सेटरा' पर्यायानं तो बदलतो. बहुतेक मशीनवर २५६ येतो.

खरा घोळ इथून पुढे. हे २५६ म्हणजे ५१२ बाइटचे सेक्टर, म्हणजे १२८ केबी. पण कर्नलची सेटिंग दाखवणाऱ्या सिस-फाइलसिस्टीममधल्या 'रीड-अहेड-केबी' फाइलमध्ये आकडा थेट केबीत असतो. सेटरासाठीचा १६३८४ तिथे चिकटवला की ८ एमबीऐवजी १६ एमबी होतात.

दुसरी गोम डिव्हाइसची. एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेड (डिस्कच्या वर बसून वेगळं डिव्हाइस दाखवणारे थर) असेल, तर खालच्या एसडीए-एसडीबी या मूळ डिस्कवर कितीही आकडे बदला, फाइलींना फरक पडत नाही. डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' कमांड चालवा, माउंट कशावर झालंय ते बघा आणि त्याच डीएम (एलव्हीएमच्या) किंवा एमडी (रेडच्या) डिव्हाइसवर आकडा टाका.

तिसरी गोष्ट तर कुणी सांगतच नाही: फाइल उघडताना जो आकडा असतो तोच तिला बंद होईपर्यंत लागू राहतो. त्यामुळे डेटाबेस किंवा एडिटर रीस्टार्ट केल्याशिवाय निकाल काढू नका.

मोजण्याआधी 'सिंक' करून (बाकी राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवून) कर्नलच्या 'ड्रॉप-कॅशेस' फाइलमध्ये ३ लिहा, म्हणजे रॅममधली कॅशे रिकामी होते. नाहीतर दुसऱ्या खेपेला फाइल रॅममधून येते आणि वेग उगाच भन्नाट दिसतो. मात्र सौदे चालू असताना हे करू नका, कॅशे रिकामी झाली की सगळंच रेंगाळतं.

फिरत्या डिस्कवर मोठ्या व्हिडिओ फाइली असतील तर १०२४ केबीपासून सुरुवात करा, मग २०४८, ४०९६. फरक दिसेनासा झाला की आधीच्या लहान आकड्यावर परत या. हिशेबाच्या डेटाबेसला १२८ केबी राहू द्या. मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी इंजिन ओ-डायरेक्टवर (कॅशे टाळून थेट डिस्कवरून वाचण्यावर) चालत असेल तर हा आकडा त्याच्या डेटा फाइलींना लागूच होत नाही. एसएसडीवर सहसा फार काही हाती लागत नाही.

रीबूट झालं की सगळं पुसलं जातं, म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइस दिसताच सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहा. एलव्हीएम असेल तर 'एलव्हीचेंज' कमांडनं दिलेला आकडा टिकतो, तोही सेक्टरमध्ये. नियमात डिस्कचं नाव घालू नका, यूएसबी डिस्क जोडली की नावं सरकतात. 'रोटेशनल' (डिस्क फिरती आहे का ते सांगणारी खूण) १ असेल तरच लागू कर, अशी अट घाला. तरी एकदा हातानं तपासा: यूएसबी केसमधली एसएसडीही पुष्कळदा स्वतःला फिरती डिस्क म्हणवून घेते.