गरोदरपणात खोकताना-शिंकताना लघवी सुटते? सुरुवात कुठून करायची

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली पोटुशी लेक झोका घेत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण बहिणींच्या चेष्टामस्करीत हसू आलं की ती पाय आवळून घेते, मध्येच उठून न्हाणीत जाते आणि साडी बदलून येते. घरच्यांना वाटतं, ऊन बाधलं असेल. खरं कारण ती आईलाही सांगत नाही. हसलं, शिंकलं, खोकलं की लघवी सुटते.

गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, हे पुष्कळ जणींना होतं. वाढती गर्भपिशवी लघवीच्या पिशवीवर दाबते. लघवीची जागा आवळून धरणारे स्नायू पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. हार्मोन्समुळे आणि बाळाच्या वजनामुळे ते सैल पडतात. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला असेल तर त्रास आणखी वाढतो. काही जणींचं वेगळं असतं: एकदम घाई होते आणि संडासाच्या दारापर्यंत पोचेस्तोवर धीर निघत नाही. दोन्हीवर घरी करण्यासारखं बरंच आहे.

आधी ओळखा, ही लघवीच आहे का

ही पायरी गाळू नका. स्वच्छ कोरडा पॅड किंवा धुतलेलं पांढरं सुती कापड लावा, लघवीला जाऊन या आणि अर्धा तास कुशीवर पडा. मग कापड बघा, वास घ्या. लघवीचा रंग पिवळसर असतो आणि वास ओळखीचा. अंगावरून पांढरं जात असेल तर ते चिकटसर असतं. पण पाण्यासारखं, बिनवासाचं किंवा किंचित गोडसर वासाचं काही येत असेल, उठताच पुन्हा ओघळत असेल आणि आवळून थांबत नसेल, तर ते गर्भजल असू शकतं. मग घरी वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत तर मुळीच नाही. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्त असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल तर थेट १०८ला फोन करा. नक्की कळत नसेल तरी दाखवाच. तपासून घरी परत पाठवलं तर त्यात काही बिघडत नाही.

लघवीला जळजळ, उग्र वास, ताप, कंबरेच्या बाजूला दुखणं, यांपैकी काही असेल तर लघवीची तपासणी हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसायची सवय आहे. एरवी ठीक, पण पोटात बाळ असताना हा जंतुसंसर्ग असू शकतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर कळा वेळेआधी सुरू होण्याचा धोका असतो. गरोदरपणात चालणारी औषधं डॉक्टर देतात, उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊ नका.

स्नायू शोधा, मग आवळा

याला केगल व्यायाम म्हणतात. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो मांडला. गरोदरपणात लवकर सुरू केला तर पुढे लघवी सुटण्याचं प्रमाण कमी राहतं, म्हणून त्रास नसलेल्यांनीही करावा.

डाव्या कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. चारचौघांत बसलेले असताना गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखायची आहे, अशी कल्पना करा. आत काहीतरी आवळून वर ओढल्यासारखं वाटेल. तेच ते स्नायू. पोट, मांड्या, ढुंगण सैल राहायला हवं आणि श्वास चालू. पोटावर हात ठेवा. ते कडक होत असेल तर चुकीची जागा आवळली जातेय. लघवी करताना धार अडवून सराव करू नका. त्यामुळे पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

सुरुवातीला तीन-चार सेकंद आवळा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत न्या. त्यानंतर आठ-दहा झटपट आवळणं-सोडणं. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं, ते घाईत उरकू नका. पुढे हे बसून, उभ्याने, भाकरी थापतानाही जमतं. शेजारी बसलेल्या सासूबाईंना पत्ताही लागत नाही. फरक दिसायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून आठवड्याभरात सोडून देऊ नका.

रक्तस्राव, वार खाली असणं, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका किंवा वेळेआधी कळा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ठसका लागायच्या आत

ही युक्ती सर्वांत कामाची, आणि सांगतं मात्र कोणी नाही. काळ्या मसाल्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की ठसका येणारच. तो येतोय असं वाटताच आधी आवळा, मग खोका, आणि खोकला पूर्ण थांबल्यावर सोडा. शिंक, हसू, खुर्चीतून उठणं, बादली उचलणं, सगळ्याला हेच. पहिले काही दिवस विसरायला होतं, मग अंगवळणी पडतं. मिरच्या भाजायचं काम या दिवसांत दुसऱ्या कोणाकडे देता आलं तर अधिक बरं.

घाईचा त्रास असेल तर धावू नका, धावताना हमखास सुटते. जागीच थांबा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरली की चालत जा.

पाणी तोडू नका

‘पाणी कमी पी म्हणजे लघवी कमी लागेल’, हा घरोघरी मिळणारा सल्ला खानदेशात तरी कोणी देऊ नये. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, पिशवीला टोचते, घाई उलट वाढते; शिवाय संसर्ग आणि बद्धकोष्ठ. दिवसभर थोडं-थोडं पीत राहा, फक्त झोपण्याच्या दोनेक तास आधीपासून हात आखडता घ्या. पायांना सूज असेल तर दुपारी पाय उंचावर ठेवून पडा, रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. चहा दिवसातून दोन कपांवर आणा. शेवभाजीच्या तिखट रश्श्यानंतर घाई वाढते असं दिसलं तर काही दिवस तो सोडून बघा.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होत असेल तर गोळ्या बंद करायच्या नाहीत. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, पालेभाजी, पेरू, केळी वाढवा. कुंथू नका.

कंबरेवरचं ओझं

नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्तीत हंडे कोण भरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कापूस वेचणीचंही तसंच. कंबरेला बांधलेली झोळी भरत जाते, तिचा भार खाली ओढतो आणि वाकणं थांबत नाही. घरच्या पुरुषांनी हे वाचलंच असेल तर हंडा उचला. वेचायला जावंच लागत असेल तर झोळी अर्धी भरताच रिकामी करा.

एसटीने लांब जायचं असेल तर निघण्याआधी लघवी करा, थोडं पुढे वाकून पुन्हा एकदा प्रयत्न करा. सोबत जादा पॅड किंवा सुती घड्या ठेवा. ओलं कापड अंगावर ठेवू नका, चट्टे येतात. धुतलेली कापडं लाजेपोटी आडोशाला नाही, उन्हात वाळवा.

कुणाला सांगायचं

आशाताईंना सांगा, उपकेंद्रातल्या सिस्टरांना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टरांसमोर विषय काढा. ‘कसाले लाजस वं?’ असं कोणी मायेने विचारलं की निम्मं काम होतं. जांघेत बधिरपणा, पायात अचानक अशक्तपणा किंवा लघवी तुंबणं असेल तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

बाळंतपणानंतर बाळंतिणीला सव्वा महिना शेक-मालीश मिळतं, या स्नायूंकडे मात्र कोणी बघत नाही. सिझर झालं असेल तरीही व्यायाम लागतोच. लघवीची नळी काढल्यावर आणि आपसूक लघवी होऊ लागल्यावर, दुखत नसेल तेवढंच, हळूहळू पुन्हा सुरू करा. तीन महिन्यांनंतरही सुटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा.