कॅमेरा, स्मार्ट प्लग आणि घरचं वायफाय: स्पीडपण वाचवा, घरपण

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर कुठेही जा, मुलं पुण्या-बंगलोरला नि घरी आई-बाबा, म्हणून गेटवर एक कॅमेरा, हॉलमध्ये एक, गीझरला स्मार्ट प्लग, सकाळी अलेक्सावर आरती, हे आता घरोघरी झालंय. मग तक्रार सुरू होते की प्लान १०० एमबीपीएसचा आहे तरी व्हिडिओ कॉल अडकतो, आणि लोक सरळ मोठा प्लान घेतात. जरा थांबा, आधी हे करून बघा.

बल्ब आणि प्लगवर संशय घेऊ नका, त्यांचा दिवसभराचा डेटा यूट्यूबच्या एका व्हिडिओपुढे काहीच नाही. (गीझरला प्लग लावताना तेवढा १६ अँपिअरचाच घ्या.) डेटा खातो कॅमेरा, आणि तो अपलोड (घरातून बाहेर जाणारा डेटा) खातो, जे आपण कधी बघतच नाही. १०८० पीचा कॅमेरा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, सतत रेकॉर्डिंग पाठवत असेल तर साधारण १ ते २ एमबीपीएस धरा, म्हणजे २ एमबीपीएसने एका दिवसाचे २१ जीबीच्या वर झाले, असे तीन कॅमेरे असले तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. अपलोड भरलं की डाउनलोडपण रखडतं कारण तुमच्या फोनला "मिळालं, पुढचं पाठव" हे सांगायलासुद्धा वरच जावं लागतं. म्हणून ॲपमध्ये जाऊन सततचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर टाका, क्लाउडवर फक्त हालचाल झाली तरच जाऊ द्या, आणि हालचालीचा एरिया गेटपुरता आखा, नाहीतर रस्त्यावरची प्रत्येक ॲक्टिव्हा क्लाउडवर जाते.

खात्री करायची असेल तर फोन राउटरजवळ नेऊन स्पीड टेस्ट घ्या, अपलोडचा आकडा लिहून ठेवा, मग सगळे कॅमेरे बंद करून परत घ्या. आकडा टुणकन वर गेला तर चोर सापडला.

दुसरी गोष्ट हवेतली. वायफायचे मुख्य दोन पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि बहुतेक स्वस्त स्मार्ट वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांची वायफाय त्याच तिघांत कोंबलेली. त्यात जुन्या घराच्या जाड भिंतीपलीकडचा गेटवरचा कॅमेरा, सिग्नल कमजोर म्हणून हळूहळू बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत त्या चॅनेलवर बाकीच्यांना थांबावं लागतं. म्हणजे एक लांबचा कॅमेरा सगळ्या घराला खोळंबवू शकतो. नेटवाला राउटर वायर जिथे आत येते तिथेच जिन्याखाली ठोकून जातो, त्याला घराच्या मधोमध, उंचावर लावायला सांगा, थोडी वायर जास्त लागेल, लागू द्या.

आता खरं काम, ज्याने स्पीड आणि सुरक्षा दोन्ही सुधरतात. माणसांचं नेटवर्क वेगळं, वस्तूंचं वेगळं. राउटरच्या मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा, आणि गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) २.४ वर चालू करा. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. सगळे बल्ब परत जोडायचा कंटाळा येतो ना, तर जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड गेस्टला द्या आणि मेनला नवीन नाव, नवीन पासवर्ड, वस्तू बहुतेक आपल्या आपण गेस्टवर जातात. जुना पासवर्ड अख्ख्या गल्लीला माहीत असेल तर मात्र ही युक्ती नको, कंटाळा न करता नवीनच द्या. प्रिंटर आणि ज्या टीव्हीवर फोनवरून कास्ट करता ते मेनवरच ठेवा, गेस्टवरून सहसा दिसत नाहीत.

हे का करायचं? २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ताब्यात घेतले, युक्ती एवढीच की कंपनीने दिलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड टाकून बघायचे. त्या वस्तूंच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डिन या, साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येक तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता, त्यांचे कॅमेरे मस्त चालू होते.

म्हणून कॅमेरा, डीव्हीआर आणि राउटरचं ॲडमिन, तिन्हींचे पासवर्ड बदला, प्रत्येकाचा वेगळा. बसवणारा मुलगा स्वतःच्या ईमेलवर अकाउंट उघडून देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, अकाउंट घरातल्याच्या नंबरवर आणि ओटीपीचं लॉगिन चालू. राउटरमध्ये डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय), यूपीएनपी (वस्तूंना स्वतःहून राउटरमधून बाहेरची वाट उघडू देणारी सोय) आणि बाहेरून ॲडमिन उघडायची सोय बंद, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट ऑटोवर. जोडलेल्या वस्तूंची यादी अधूनमधून बघा, ओळखीची नसलेली काढून टाका. आणि बेडरूममध्ये कॅमेरा नकोच, आई-बाबांची कितीही काळजी असली तरी त्यांना विचारल्याशिवाय हॉलमध्येही नको.

कॅमेरा जुना झाला, कंपनी अपडेट देत नाही, तर बदला. जुना कचरागाडीच्या ई-कचऱ्यात द्यायच्या आधी मेमरी कार्ड काढा, रीसेटचं बटण दाबून धरा म्हणजे आत साठलेला वायफायचा पासवर्ड जातो, आणि ॲपमधूनही डिलीट करा.