लोक ऐकतात, पण सोबत येत नाहीत? नेतृत्वगुण घडवताना या चुका टाळा

सुपरवायझरची बढती मिळाली तेव्हा मी सगळ्यात आधी बोलणं सुधारायला घेतलं. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका औषध कारखान्यातला पॅकिंग विभाग माझ्याकडे आला होता. तीन लाइन, चाळीसेक माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. दर सोमवारी शिफ्ट सुरू होण्याआधी मी दहा मिनिटं बोलायचे. आपल्या हातून जाणारी गोळी कुणाच्या तरी उशाशी पोचते, तेव्हा काम चोख हवं, असं सगळं. मनापासून बोलायचे, आणि समोरच्याही मन लावून ऐकायच्या. दोन महिने झाले, कामात तसूभर फरक पडला नाही.

एक दिवस लाइनवरच्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, चेंजिंग रूमच्या दाराची कडी दिवाळीपासून तुटलीये. एक जण कपडे बदलते तेव्हा दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं." कडीचं माझ्या कानावर याआधी दोनदा आलं होतं. मी ते डायरीत लिहूनही ठेवलं होतं. दर सोमवारी त्या सगळ्या जणी माझं चोख कामावरचं बोलणं ऐकत होत्या आणि त्यांच्या मनात ती कडी होती.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून कडी बसवून घेतली. लोकांना कामाला कसं लावायचं, याचा माझा अभ्यास खरं तर त्या दिवशी सुरू झाला. पुढची सतरा वर्षं कारखान्यात आणि तितकीच रामबागेतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळात मी ज्या चुका केल्या आणि नव्या मुलामुलींना करताना पाहिल्या, त्या इथे मांडते आहे.

बोलणं आधी, शब्द पाळणं नंतर

पहिली चूक हीच. नेतृत्व म्हटलं की माणूस आवाज, देहबोली, भाषण यांच्या मागे लागतो. ती कौशल्यं वाईट नाहीत. पण तुमच्याबद्दल लोकांचं मत तुमच्या बोलण्यावरून बनत नाही. तुम्ही "बघते", "करतो", "उद्या सांगतो" म्हटल्यावर पुढे काय होतं, त्यावरून बनतं.

आपल्या इंदूरचंच बघा. २०१७ साली शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मग ते सलग येतच राहिलं. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, लोकांना शिस्त लागली कशी? घोषणा, गाणी, भिंतीवरची चित्रं सगळं होतं. पण माझ्या गल्लीतल्या माणसांच्या मनात बदल घडवला तो रोज सकाळी ठरल्या वेळी दारात येणाऱ्या गाडीनं. गाडी येणार याची खात्री पटली, म्हणून ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय लागली आणि रस्त्यावरच्या कचरापेट्या उठल्या तरी कुणाचं अडलं नाही. गाडी आठवड्यातून दोनदा चुकली असती, तर कितीही गाणी वाजवून उपयोग झाला नसता.

उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. एक छोटी वही घ्या आणि दिवसभरात कुणाला जे जे "करतो" म्हणालात ते तारखेसकट लिहा. आठवड्याअखेरी उघडून बघा. अर्ध्याहून जास्त गोष्टी राहिलेल्या दिसल्या, तर काम वाढवण्याआधी होकार कमी करा. "हे माझ्याच्यानं या महिन्यात होणार नाही" असं स्वच्छ सांगितलेलं लोकांना चालतं. लटकत ठेवलेलं चालत नाही.

वाईट बातमी तुमच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते

ही तक्रार मी कितीतरी टीम लीडरांकडून ऐकली आहे. "आमच्याकडे कुणी काही सांगतच नाही हो, सगळं बिघडल्यावर कळतं." या दुखण्याचं मूळ नव्वद टक्के वेळा सांगणाऱ्यांमध्ये नसतं. हे मला कसं कळलं, ते जरा सविस्तर सांगते.

पॅकिंगमध्ये एक बॅच संपून दुसरी सुरू होण्याआधी लाइन क्लिअरन्स करतात. आधीच्या बॅचचं एकही कार्टन, एकही पत्रक लाइनवर राहिलेलं नाही ना, हे मशीनखाली वाकून, ट्रे उचलून बघायचं आणि मग सही करायची. एकदा ती सही झाल्यावर आमच्या एका ऑपरेटर मुलीला फीडरच्या मागे जुन्या बॅचची पाच-सहा कार्टन्स सापडली. तेव्हा अकरा वाजले होते. मला कळलं चार वाजता. तोवर भरलेले खोके सील होऊन पॅलेटवर चढले होते. ते सगळे उघडून एकेक कार्टन तपासायला रात्रीचे साडेनऊ झाले.

मी तिला विचारलं, "अकराला का नाही सांगितलंस?" ती बराच वेळ हातातली टोपी दुमडत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, सकाळीच तुम्ही टेप चुकीची लावली म्हणून त्या भैयाला सगळ्यांसमोर बोललात ना. मला वाटलं, कार्टन्स काढून टाकते, कुणाला कळायचं नाही."

पाच तासांचा उशीर माझ्या सकाळच्या त्या दोन मिनिटांतून आला होता. ओरडणाऱ्याला वाटतं, ओरडल्यामुळे चुका कमी होतात. चुका तेवढ्याच होत राहतात, फक्त त्या वरपर्यंत पोचायच्या थांबतात. आणि औषधाच्या कारखान्यात झाकलेली चूक ही उघड चुकीपेक्षा कितीतरी भयंकर असते.

त्यानंतर मी स्वतःसाठी दोन वाक्यं ठरवून टाकली. कुणीही वाईट बातमी घेऊन आलं की पहिलं वाक्य, "बरं झालं लगेच सांगितलंस." दुसरं, "आत्ता काय थांबवायचं?" चूक कुणाची आणि कशी झाली, ते त्याच दिवशी, पण नंतर, आणि फक्त त्या माणसाशी. ही वाक्यं पाठ करावी लागतात. कारण बातमी ऐकताच डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्याला आयती वाक्यं लागतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरून जाल. हा बदल केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत तक्रारी वाढतात. टेप वाकडी गेली, शाई पुसट आली, काटा पाच ग्रॅम जास्त दाखवतोय. रोज काहीतरी कानावर येतं आणि वाटतं, आपल्या हाताखाली काम ढिलं पडलं. तसं नसतं. जे आधी खालच्या खाली जिरत होतं, ते आता वर येऊ लागलं आहे. या काळात चिडलात तर सगळं पुन्हा पहिल्या जागी जाईल.

"ताई, आता काय करू?"

मंडळातला एक मुलगा मला गणपतीच्या दहा दिवसांत हे वाक्य दिवसातून पंधरा वेळा म्हणायचा. साऊंडचं काम त्याच्याकडे दिलं होतं. इंजिनीअरिंगला होता, हुशार होता. मला वाटायचं, याच्यात पुढाकारच नाही.

मग एका वर्षी मी काय करते ते नीट पाहिलं. साऊंडवाला मी ठरवलेला, भाव मी केलेला, स्पीकर कुठे लावायचे तेही मीच सांगितलेलं. त्याच्याकडे होती ती फक्त धावपळ. निर्णय सगळे माझ्याकडे, मग तो मला विचारणार नाही तर कुणाला? पुढच्या वर्षी त्याला म्हटलं, "साऊंडसाठी पंधरा हजार. कुणाकडून घ्यायचा, कुठे लावायचा, तू ठरव. दोन अटी. रात्री दहाला बंद आणि पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांच्या कानाशी स्पीकर नको." त्यानं एक स्पीकर चुकीच्या जागी लावला आणि बालनाट्याच्या पहिल्या प्रवेशात मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. मध्यंतरात तो स्वतःच शिडी घेऊन चढला.

काम सोपवणं म्हणजे त्यातला निर्णय सोपवणं. नुसते कष्ट दिलेत तर तुम्ही हमाल तयार कराल.

आपल्या या माळव्यात याचं केवढं मोठं उदाहरण आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव गेले. त्यानंतर सासरे मल्हारराव होळकर स्वतः मोहिमांवर असत आणि तोफखाना, दारूगोळा, रसद यांची कामं पत्रं पाठवून सुनेवर सोपवत. अठराव्या शतकात, एका विधवा सुनेवर! १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पाठोपाठ वर्षभरात अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेले आणि १७६७ मध्ये कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. त्या दिवशी त्या नवख्या नव्हत्या. आपण त्यांचे घाट, मंदिरं, न्याय यांबद्दल भरभरून बोलतो. त्यांना घडवणाऱ्या सासऱ्याच्या त्या विश्वासाबद्दल फार कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं. पुढे अहिल्याबाईंनीही तेच केलं. लष्कराची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली आणि राज्यकारभार स्वतःकडे ठेवला.

आपल्यासारखी माणसं तयार करणं

ही चूक चांगल्या माणसांकडून होते, म्हणून पटकन ओळखू येत नाही. तुम्ही मनापासून शिकवता, शिकणारे तुमच्यासारखं बोलू लागतात, तुमच्यासारखी वही ठेवतात, आणि तुम्हाला समाधान वाटतं. दोन वर्षांनी लक्षात येतं की तुम्हाला जे सुचत नाही, ते इथे कुणालाच सुचत नाही.

इंदूरच्या चित्रकला शाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी बघा. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर. एकाचं चित्र दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं तर गुरू एक होते हे सांगूनही पटणार नाही. चिंचाळकर गुरुजी तर टाकाऊ वस्तूंतून, वाळक्या फांद्यांतून आकार शोधत राहिले. आणि बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला महाराज सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवायला गेले, तिथे त्यांच्या हाताखालूनही पुन्हा वेगवेगळ्या वाटांचे चित्रकार निघाले.

शिकवताना मी आता काम कसं व्हायला हवं ते सांगते, कसं करायचं ते विचारल्याशिवाय सांगत नाही. सुरुवातीला फार जड गेलं.

सगळ्यांचं मन राखणं

यावर थोडक्यात. रोज उशिरा येणाऱ्याला तुम्ही काही बोलत नाही, कारण संबंध बिघडतील. पण वेळेवर येणाऱ्या पंधरा जणांशी संबंध रोज बिघडत असतात, ते दिसत नाही. इंदूरच्या होळकर क्रिकेट संघानं सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्यांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी इंदुरात जुनी माणसं अजून सांगतात. ती शिस्त खेळाडूंनी सोसली, कारण हा माणूस स्वतः वयाची पन्नाशी ओलांडल्यावरही रणजीच्या मैदानात उतरत होता. कडक बोलायचं असेल तर तो नियम आधी स्वतःला लावा, आणि बोला एकट्यात, त्याच दिवशी, एकाच गोष्टीबद्दल. तीन महिन्यांचं साठवून एकदम बाहेर काढू नका.

आणि असं शांतपणे बोलायचं तर झोपही हवी. रात्री चार तास झोपून सकाळी संयम ठेवता येत नाही. माझं बहुतेक ओरडणं नाइट शिफ्टनंतरच्या दिवसांचं होतं.

"माझं काही चुकतंय का?" असं विचारणं

हा प्रश्न विचारला की सगळे "नाही नाही, मॅडम" म्हणतात आणि आपण खूश होऊन घरी जातो. बिचारे काय सांगणार? प्रश्न इतका मोठा आहे की खरं उत्तर दिलं तर भांडण होईल. त्याऐवजी छोटा आणि नेमका प्रश्न विचारा. "गेल्या आठवड्यात माझ्यामुळे तुझं कोणतं काम अडलं?" आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. पहिलं अर्धं मिनिट फार लांब वाटतं. तिथे आपण काहीतरी बोलून समोरच्याची सुटका करतो. तसं करू नका.

मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो त्या कार्टन्सवाल्या मुलीलाच. ती खाली बघत राहिली, मी थांबले. मग म्हणाली, "तुमची सही. तुम्ही अकराला मीटिंगला जाता, दोनला येता. तोवर लाइन क्लिअरन्स होऊनही लाइन उभी असते. आणि प्रॉडक्शन कमी झालं की ऐकून आम्हालाच घ्यावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून मी साडेदहाला खाली उतरू लागले.